पानगळीतला बहर

सकाळचं फिरणं मी हौसेनं सुरू केलेलं नाही. दहाएक वर्षांपूर्वी रक्तातली साखर वाढली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर म्हणाले, "कविता करता ना? मग रोज तासभर चालत जा. कवितेलाही बरं पडेल." कवितेला कितपत बरं पडलं ते वाचकांनी ठरवायचं. पण पहिल्याच वर्षी, फाल्गुन-चैत्राच्या त्या दीड-दोन महिन्यांत, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मी जरा ओशाळलोच. वीस-पंचवीस वर्षं मी वसंतावर कविता लिहीत होतो आणि वसंत मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

आम्ही पुण्याच्या कॅम्पात राहतो. जुनी माणसं अजून 'लष्कर' म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी इथं छावणी वसवली, त्यामुळं काही रस्ते रुंद आणि झाडं जुनी. फजरची नमाज झाली की मी निघतो. आमच्या इमारतीच्या फाटकाशीच एक कडुलिंब आहे, त्याच्याविषयी पुढं बोलेन. तिथून चार बावडीला हजरत बाबाजानच्या दर्ग्यावरून, आतल्या रस्त्यांनी सेंट मेरीज चर्चपर्यंत, मग रेसकोर्सच्या कडेकडेनं एम्प्रेस गार्डनच्या दिशेनं थोडं जायचं आणि परत फिरायचं. रोज हाच रस्ता. घरातले विचारतात, तेच तेच बघून कंटाळा कसा येत नाही? पण रोज तोच रस्ता धरला म्हणूनच मला काही दिसू लागलं. वर्षातून एकदा सहलीला गेलं तर झाड फुललेलं तरी दिसतं किंवा न फुललेलं तरी. रोज गेलं की ते फुलताना दिसतं.

त्या पहिल्या वर्षी मी मोठ्या तयारीनं वसंताची वाट पाहत होतो आणि रस्त्यावर बघतो तो नुसता पाचोळा. वर्षावृक्षांनी पानं टाकली होती, कडुलिंबांनी टाकली होती, पिंपळाखाली तर पायाखाली कुरकुर आवाज होत होता. झाडणाऱ्या बाई रोज त्याच वेळी भेटायच्या. मी एकदा मान वर करून काटेसावरीची लाल फुलं बघत उभा होतो. त्या खराटा थांबवून म्हणाल्या, "फुलं तुमाला, कचरा आमाला." मी हसलो, पण ते वाक्य घरापर्यंत माझ्याबरोबर आलं. फूल आणि कचरा एकाच झाडाचे, एकाच आठवड्यातले. माझ्या कुठल्याच कवितेत तसं नव्हतं.

त्याचं कारण सांगतो. घरात माझ्या कानावर उर्दू पडली, शाळेत मराठी, आणि बी.ए.ला मी मराठीच घेतलं. म्हणजे वसंताचे दोन वारसे मला आयते मिळाले. उर्दू गझलेत 'खिजाँ' आणि 'बहार' ही दोन टोकं. खिजाँ म्हणजे पानगळ, उजाडपण, विरह. बहार म्हणजे फुलं, भेट, आनंद. एक असलं की दुसरं नसतं. मराठीतही शिशिरात पानं गळायची आणि मग वसंतानं यायचं, असा रिवाज. हे चित्र इराणातून आलं तिथं ते खरंच आहे. तिथं कडाक्याची थंडी पडते, बर्फ पडतं, झाडं मुकाट उभी असतात आणि थंडी ओसरली की फुटतात. गझलेतला बुलबुलसुद्धा तिथलाच. फारसी कवींचा बुलबुल म्हणजे इंग्रज ज्याला नाइटिंगेल म्हणतात तो पक्षी. तो पुण्यात येत नाही. आपल्याकडं ज्याला आपण बुलबुल म्हणतो, तो डोक्यावर काळा तुरा आणि बुडाशी लाल ठिपका असलेला, तो निराळाच पक्षी. नाव तेवढं इथल्याला चिकटलं. मी मात्र कवितेत त्या परक्या बुलबुलाला खुशाल करंजाच्या फांदीवर बसवलं होतं.

आपल्याकडं झाडाला थंडीचं भय नाही, भय आहे ते पाण्याचं. पुण्यात ऑक्टोबरात पाऊस संपला की पुढं जूनपर्यंत वळवाच्या दोन-चार सरी सोडल्या तर काही नाही. जमिनीतली ओल उतरत जाते. पानातून सतत पाणी उडत असतं. तेव्हा झाड आधी पानातला कामाचा माल, विशेषतः नत्र, काढून फांदीत घेतं, मग देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार करतं आणि पान सोडून देतं. पानं गेली की पाण्याचा खर्च थांबतो. मुळं खोल गेलेली असली तर ती खालची ओल ओढतच असतात, त्यामुळं बोडकं झाड आतून पुन्हा पाण्यानं भरू लागतं. आणि मग नवल घडतं. अजून पावसाला दोन-अडीच महिने अवकाश आहे, ऊन रोज चढतंय, दुपारी पारा ३७-३८ अंशांवर जातोय, आणि नेमकं त्याच वेळी झाड नवी पालवी फोडतं.

आशियातल्या मोसमी जंगलांचा अभ्यास करणाऱ्यांनाही हे कोडं वाटत आलं आहे. कोरड्या ऋतूत पाणी उडवणारी कोवळी पानं काढायची, हे उफराटंच नाही का? बऱ्याच झाडांच्या बाबतीत त्यांना असं आढळलं की झाड पावसाची वाट बघत नाही, दिवसाची लांबी मोजतं. पुण्यात डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा. २१ मार्चच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात आणि त्या काळात दिवस सगळ्यांत झपाट्यानं वाढतो. पाऊस लवकर-उशिरा येईल, दिवसाची लांबी मात्र कधी चुकत नाही. झाड त्या भरवशाच्या खुणेवर चालतं. त्याचा फायदा असा की जूनमध्ये पहिला पाऊस पडतो तेव्हा पानं तयार असतात, पावसाळ्याचा एक दिवस वाया जात नाही. शिवाय पानं खाणाऱ्या अळ्यांची झुंबड पावसाबरोबर उडते, तोवर पान जून होऊन गेलेलं असतं. पिंपळाची कोवळी पानं तांबूस-गुलाबी का असतात? तो लाल रंग कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आणि किड्यांपासून जपतो, असं अभ्यासक मानतात. थोडक्यात, लहान मुलाला उन्हात सोडताना आई टोपी घालते तसं.

फुलांचंही तसंच. काटेसावर, पांगारा, पळस हे तर पानं झाडून मगच फुलतात. आड यायला पान नाही, त्यामुळं फूल लांबून दिसतं. साळुंक्या, कावळे, खारी काटेसावरीच्या जाडजूड पेल्यात तोंड खुपसतात आणि कपाळाला पराग फासून पुढच्या झाडावर जातात. माझ्या वाटेवर या देशी झाडांपेक्षा बाहेरून आलेली झाडंच जास्त आहेत, हेही सांगायला हवं. वर्षावृक्ष, जांभळा नीलमोहर आणि गुलाबी टॅबेबुया दक्षिण अमेरिकेतले, गुलमोहर मादागास्करचा. त्यांच्याविषयी नाक मुरडणारे लोक मला भेटतात. माझं मत जरा निराळं आहे. नव्यानं लावायचं तर बहावा लावा, पळस लावा, करंज लावा. पण शंभर वर्षं सावली दिली त्याला त्याचं मूळ गाव विचारत बसू नये.

करंजाचा उल्लेख आला म्हणून थांबतो. करंज हे झाड कुणी मुद्दाम बघायला जात नाही, पण वसंत बघायचा तर करंजावर बघावा. मार्चअखेर तो धुळकट, पिवळट, आजारी दिसतो. मग चार-सहा दिवसांत पानं टाकतो, आणि आपण गावाला जाऊन आठवड्यानं परतलो तर ओळखू येणार नाही इतका हिरवा होतो. तो हिरवा वर्षभरात पुन्हा दिसत नाही, तेल लावल्यासारखा चकचकीत. मागोमाग फिकट जांभळी, पांढरट फुलं येतात आणि खाली मुरमुऱ्यांसारखा सडा पडतो. झाडणाऱ्या बाईंचं म्हणणं पुन्हा खरं.

एवढं कळल्यावर मी घरी येऊन शब्दकोश उघडला, कारण कवीला शेवटी शब्दाकडंच जावं लागतं. आपण मराठीत 'झाडाला बहर आला' म्हणतो. हा 'बहर' म्हणजे तीच फारसी 'बहार', वसंत. पण मराठी शेतकऱ्यानं त्या शब्दाचं काय करून ठेवलंय ते पाहा. त्याच्याकडं आंबिया बहार असतो, मृग बहार असतो, हस्त बहार असतो. आंबिया हिवाळ्याच्या शेवटी, आंब्याला मोहर येतो त्या सुमारास. मृग पावसाच्या तोंडाशी. हस्त पाऊस सरताना. म्हणजे त्यानं वर्षात तीन वसंत केले! आणि डाळिंबाची बाग असेल तर तो 'बहार धरतो'. कसा? आधी पाणी तोडतो. दीड-दोन महिने बागेला 'ताण' देतो. पानं पिवळी पडतात, गळतात. मग हलकी छाटणी, खत, आणि पाणी सोडलं की बाग फुलांनी लालभडक होते. सोलापूर, नाशिककडच्या डाळिंबवाल्याला हे कुणी कवीनं शिकवलेलं नाही. खिजाँ हा बहारचा वैरी नव्हे, तिचा आदला दिवस आहे, हे तो हातानं करून दाखवतो. आणि मी मात्र दोघांना एका मैफलीत बसू देत नव्हतो.

असाच दुसरा शब्द 'रब्बी'. अरबीत 'रबी' म्हणजे वसंत आणि 'खरीफ' म्हणजे शरद, पानगळीचा काळ. वसंतात काढायचं पीक ते रब्बी, शरदात काढायचं ते खरीप. ज्वारी, गहू, हरभरा घरात आणणारा शेतकरी रोज अरबीत वसंत म्हणतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. आमच्या हिजरी वर्षातही 'रबी-उल-अव्वल' नावाचा महिना आहे. शब्दशः 'पहिला वसंत'. पैगंबरसाहेबांचा जन्म याच महिन्यातला मानतात. पण हा वसंत एका जागी थांबत नाही. २०२५ मध्ये तो ऐन भाद्रपदात आला. ५ सप्टेंबरला ईद-ए-मिलाद आणि ६ तारखेला अनंत चतुर्दशी.

असं का होतं, हे मला बरेच लोक विचारतात. हिशेब सोपा आहे. चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस, सूर्याच्या वर्षापेक्षा ११ दिवस कमी. मराठी पंचांगात ही तूट साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून चैत्र वसंतातच राहतो. हिजरी वर्षात अधिक महिना नाही. त्यामुळं आमचे महिने दरवर्षी ११ दिवस मागं सरकतात आणि सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंची फेरी पुरी करतात. माणसाला बरं आयुष्य लाभलं तर रमजान प्रत्येक ऋतूत दोनदा भेटतो. मला तो चैत्राच्या तोंडाशी पहिल्यांदा कॉलेजच्या वयात, १९९०च्या आसपास भेटला होता. तेव्हा तहान आठवते, झाडं आठवत नाहीत. दुसऱ्यांदा भेटला तो आता. २०२३ मध्ये २२ मार्चला पाडवा होता आणि २४ला पहिला रोजा. २०२५ मध्ये रविवारी, ३० मार्चला पाडवा आणि सोमवारी ३१ला ईद.

आता फाटकाजवळचा कडुलिंब.

कडुलिंबाला या मोहल्ल्यात मान आहे. बाबाजान विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात आल्या आणि चार बावडीला कडुलिंबाखालीच बसल्या, ऊन असो की पाऊस. १९१३ मध्ये तिथंच कॉलेजात जाणारा एक पारशी मुलगा त्यांना भेटला, तो पुढं मेहेरबाबा म्हणून ओळखला गेला. १९३१ मध्ये बाबाजान गेल्या, त्यांची कबरही त्याच जागी आहे. आमचा कडुलिंब असा नामांकित नाही, पण इमारतीच्या आधीपासूनचा आहे. मार्चअखेर त्याला बारीक पांढरी फुलं येतात आणि पहाटे फाटक उघडलं की गोडसर वास अंगावर येतो. इतक्या कडू झाडाला इतका गोड वास कसा, हा प्रश्न मी रोज विचारतो आणि पुढं जातो. त्याची निंबोळी पिकते जूनमध्ये. निंबोळीचं बी फार टिकत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवण्याची ताकद जाते. म्हणून ते नेमकं पावसाच्या तोंडावर ओल्या मातीत पडावं लागतं. एप्रिलच्या उन्हातलं ते फूल असं जूनच्या चिखलाचा हिशेब करूनच आलेलं असतं.

चिखल मात्र आम्हाला नको होता. २०२२ मध्ये आमच्या सोसायटीच्या बैठकीत ठराव झाला की आवारात पेव्हिंग ब्लॉक बसवावेत. पावसात गाड्या रुततात, मुलं पाय माखून येतात. ठरावावर सगळ्यांच्या सह्या आहेत. माझीही आहे. कामगारांनी खाली खडी-कच टाकून ती यंत्रानं ठोकून बसवली आणि ब्लॉक थेट बुंध्याला भिडवले. दिसायला छान दिसलं. मीही "वा" म्हणालो असेन.

२०२५च्या मार्चमध्ये कडुलिंबानं नेहमीप्रमाणं पानं टाकली. मी रोज जाता-येता वर बघायचो. आठ दिवसांनी खालच्या फांद्यांना तांबूस पालवी आली. वरच्या अर्ध्या भागाला काहीच नाही. बाकीचे कडुलिंब भरून आले, आमचा अर्धा तसाच. दहा वर्षं वसंत बघतोय म्हणून मला ते कळलं. आधीचा मी असतो तर पानगळ आहे म्हणून त्यावर एक कविता लिहिली असती. ओळखीच्या एका माळ्याला दाखवलं. त्यानं वर बघितलंच नाही, खाली बघितलं आणि म्हणाला, "चाचा, मुळांचा श्वास कोंडलाय." मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे मला माहीत नव्हतं. मोठी मुळं खोल जातात, पण अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच असतात. ती माती ठोकून घट्ट केली की तिच्यातली हवेची जागा मिटते. पाणीही वरच्या वर गटारात जातं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ही बातमी मी तेव्हा वाचलेली होती. वाचली आणि रद्दीत घातली.

सोसायटीत विषय काढला तर सगळ्यात जास्त विरोध तळमजल्यावरच्या गृहस्थांचा. त्यांची स्कूटर बुंध्याला टेकून उभी असते. "अहो, एका झाडासाठी केलेला खर्च उखडायचा?" त्यांचं चूक नव्हतं. पैसे त्यांचेही होते. मी रमजानचे दिवस म्हणून गप्प बसलो. रोजा ठेवून भांडलं तर रोजाही जातो आणि मुद्दाही.

पाडव्याला सकाळी दुसऱ्या मजल्यावरची मुलं गुढीसाठी कडुलिंबाचा डहाळा काढायला आली. दरवर्षी ती गच्चीवरून हात घालून वरचा कोवळा, फुलांचा डहाळा घेतात. त्या दिवशी गच्चीवरून नुसत्या काड्या हाताला आल्या. शेवटी खाली येऊन, तळमजल्यावरच्या त्याच गृहस्थांच्या स्कूटरवर उभं राहून त्यांनी खालचा डहाळा तोडला. स्कूटर त्यांनीच धरून ठेवली होती, हे मी फाटकातून पाहिलं.

संध्याकाळी गच्चीवर गर्दी. शेजारचे गुढी उतरवत होते आणि आम्ही पश्चिमेकडं डोळे लावून चंद्रकोर शोधत होतो. दोन्ही सण अमावास्येनंतरच्या त्याच कोरीला धरून असतात, त्यामुळं चैत्र आणि आमचा शव्वाल महिना गाठीला आले की असं होतं. तिथंच कुणीतरी सुकलेल्या फांद्यांकडं बोट दाखवलं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी शीरखुर्मा प्यायला सगळे आमच्या घरी आले, तेव्हा तळमजल्यावरचे गृहस्थ वाटी खाली ठेवून म्हणाले, "ते ब्लॉक किती काढायचे म्हणता?" मी म्हणालो, "चारी बाजूंनी एकेक मीटर." ते म्हणाले, "मग स्कूटर कुठं लावू तेवढं सांगा."

येत्या रविवारी पहार आणून आम्ही ब्लॉक काढले. माळ्यानं घट्ट माती हलक्या हातानं सैल केली, कुठलं मूळ न तोडता, आणि वर पाचोळा पसरला. तो पाचोळा झाडणाऱ्या बाईंकडून मागून आणला होता. त्या पोतं देताना म्हणाल्या, "आता फुकट मागायला लागले."

एप्रिलच्या मध्याला वरच्या बऱ्याच फांद्यांना उशिरानं पालवी आली. एक जाड फांदी मात्र कोरडीच राहिली. ती कापून टाकायचं ठरलं, कारण खाली माणसं जातात. पण दोन दिवसांनी पहाटे मी निघालो तर त्या फांदीवर टक्-टक् असा आवाज. चिमणीएवढा हिरवा पक्षी, कपाळ लाल, फांदीच्या खालच्या बाजूला भोक पाडत होता. तो तांबट. तांब्याचं भांडं ठोकल्यासारखा एकसुरी बोलतो म्हणून हे नाव. जिवंत लाकूड त्याच्या चोचीला पेलत नाही; घरट्याची ढोली कोरायला त्याला वाळलेली, मऊ झालेली फांदीच लागते. मी तळमजल्यावर जाऊन दार वाजवलं आणि त्यांना बाहेर बोलावलं. आम्ही दोघं मान वर करून बराच वेळ उभे होतो.

फांदी कापायचं पिल्लं उडून जाईपर्यंत पुढं ढकललं. तिच्याखाली दोरी बांधून 'येथे गाडी लावू नये' अशी पाटी लागली. अक्षर तळमजल्यावरच्या गृहस्थांचं आहे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)